जुनी नाव : डागडुजी की मोड?

१९४५ साली दुसरे महायुद्ध संपले आणि अमेरिकेतील विमानांच्या कारखान्यांपुढे एक नवीच अडचण उभी राहिली. पत्रे होते, यंत्रे होती, रिव्हेट ठोकण्यात तरबेज झालेले कारागीर होते. परंतु लढाऊ विमानांची मागणी एकाएकी आटली. त्याच वर्षी ग्रुमन या विमान-कंपनीने ॲल्युमिनियमच्या नावा बनविण्यास प्रारंभ केला. लोखंडाच्या सुमारे एक-तृतीयांश वजनाच्या या धातूची नाव दोन माणसे सहज उचलू शकत. पुढे इतर कारखान्यांनीही वल्ह्याच्या नावा याच धातूच्या केल्या. आज अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात किंवा कॅनडात सरोवराकाठी अशा कितीतरी नावा पालथ्या घातलेल्या दिसतात. त्यांतील काहींनी घरातील तीन पिढ्या पाण्यावर नेल्या आहेत.

अशी नाव एक दिवस गळू लागते. तळाला पोचे आलेले असतात, खडकाने एके ठिकाणी वीतभर चीर पाडलेली असते आणि पाण्यात सोडताच पाऊण घटकेत पावले भिजतात. नवी घ्यावयाची तर पैसा हवा. जुनीच वापरावयाची तर तिच्यात मुले बसणार. आणि तेथील सरोवराचे पाणी वसंत ऋतूतही हाडे गोठविणारे असते. अशा वेळी नाव दुरुस्त करावी की मोडीत काढावी?

पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम त्या चिरेकडे जाते. ती भयंकर दिसते खरी. पण जाणता कारागीर तिला फारसे भीत नाही. तो नाव लाकडी घोड्यांवर चढवितो, तळाला मधोमध आधार देतो आणि आत थोडेसे पाणी ओततो. जेथून थेंब टपकेल, तेथे बाहेरून खडूची खूण करतो. पाणी मात्र बेतानेच ओतावे लागते. एक लिटर पाणी एक किलोग्रॅम भरते. तेव्हा तीनशे लिटर पाण्याने पन्नास-साठ किलोच्या नावेवर तीनशे किलोंचा भार पडेल आणि धड नावही वाकेल.

टपकणारे रिव्हेट बहुधा ढिले झालेले असतात. एकाने आतून जड लोखंडी ठोकळा दाबून धरला व दुसऱ्याने बाहेरून हातोडी मारली, की त्यांतील पुष्कळसे पुन्हा घट्ट बसतात. चिरेच्या दोन्ही टोकांना गिरमिटाने बारीक गोल भोक पाडतात, म्हणजे ती पुढे धावत नाही. मग त्याच जातीच्या मिश्रधातूचे ठिगळ, मध्ये पाणी अडविणारा लेप देऊन, रिव्हेटांनी बसवितात. पोचे ठोकून अगदी सपाट करण्याचा हट्ट धरू नये; फार ठोकल्याने धातू ताठर होतो आणि तडकतो.

ठिगळाचे कोपरे गोल कापतात, ते शोभेसाठी नाही. १९५४ च्या जानेवारीत व एप्रिलमध्ये कॉमेट जातीची दोन प्रवासी विमाने भूमध्य समुद्रात कोसळली. पुढे इंग्लंडमध्ये फार्नबरो येथे त्याच जातीच्या विमानाचे धड पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवले आणि आतील दाब पुनःपुन्हा चढविला व उतरविला. तेव्हा विमानाच्या उघड्या भागाच्या कोपऱ्यापाशी ॲल्युमिनियमचा पत्रा थकून फाटतो असे आढळले. ताण कोपऱ्यात साचतो. नावेच्या बाबतीतही तेच.

खरी भीती निराळ्याच ठिकाणी असते आणि ती दिसते मात्र किरकोळ. जुन्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात खारट किंवा आंबट पदार्थ फार वेळ राहिला, तर त्याच्या तळाशी बारीक खड्डे पडलेले घराघरांत पाहावयास मिळतात. एरवी हवा लागताच या धातूवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. खारे पाणी तो थर भेदते. त्यातच तांब्याचा स्पर्श झाला, तर ॲल्युमिनियम झपाट्याने झिजतो. तळाच्या ओलाव्यात विसरलेले एखादे तांब्याचे नाणेही पत्र्याला भोक पाडू शकते. मागील फळी कुजली म्हणून वाळवीपासून जपण्याकरिता तांब्याची औषधे मुरविलेले लाकूड बसविले, तर ती दुरुस्तीच नावेचा घात करते. म्हणून पांढरी भुकटी खरवडून पाहावयाची. मग उन्हात नाव पालथी घालून तिच्याखाली शिरावयाचे. अंधारात प्रकाशाचे दोन-चार ठिपके दिसले, तर ते बुजविता येतील. सगळा तळच चाळणीसारखा चमकू लागला, तर ठिगळ लावावयास धड पत्रा उरलेला नसतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. धातूची नाव पाण्याने भरली की बुडते. म्हणून बैठकांखाली फोम भरलेला असतो. तो वर्षानुवर्षे भिजून जड झाला, तर नावेला तारण्याऐवजी तिच्यावर ओझे होऊन बसतो. पूर्वी दोघांनी उचललेली नाव आता चौघांना जड वाटत असेल, तर फोम काढून नवा भरलाच पाहिजे.

एक चीर, थोडे ढिले रिव्हेट, कुजलेली फळी, भिजलेला फोम एवढेच असेल, तर नाव दुरुस्त करणे शहाणपणाचे. परंतु तळ जागोजाग पोखरलेला असेल, किंवा आतल्या आडव्या फासळ्यांना व तळाच्या कण्याला तडे गेले असतील, तर तिच्यात कोणालाही बसवू नये. मग बाहेरून ती कितीही चकचकीत दिसो.

मोडीत गेलेल्या नावेचा धातू मात्र वाया जात नाही. वल्ही, लाकूड, फोम आणि पितळी सामान काढून घेतले की उरलेला पत्रा भट्टीत जातो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतो. मिश्रधातू त्याहूनही थोड्या कमी उष्णतेत. बॉक्साइटच्या खनिजापासून नवा धातू काढण्यास जितकी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे पाच टक्क्यांतच जुना धातू पुन्हा वापरण्याजोगा होतो. त्याचे पुढे पातेले होईल, खिडकीची चौकट होईल, किंवा दुसरी नावही.