मानधन तीन महिन्यांनी मिळतं, संप करावा का?

प्रश्न : मी मालिकांत छोट्या भूमिका करते. मानधन ९० दिवसांनी मिळतं. कलाकारांनी संपावर जावं का?
– एक वाचक, खडकवासला

उत्तर : ताई, तुमची तक्रार रास्त आहे, घरमालक तीन महिने थांबत नाही. पण आधी ताकद जोखा. अमेरिकेतल्या कलाकार संघटनेने २०२३ मध्ये बोलणी सुरू होण्याआधीच मतदान घेतलं. जवळजवळ ९८ टक्के कौल संपाच्या बाजूने पडला, तरीही ११८ दिवस काम बंद ठेवावं लागलं. छोट्या भूमिका करणाऱ्यांना ते कसं पेलणार? म्हणून संघटनेने आधी मदतनिधी उभारावा आणि तंत्रज्ञांना सोबत घ्यावं. मुंबईत २००८ मध्ये चित्रीकरणं थांबली ती कलाकार आणि कामगार एकत्र आले म्हणूनच. तुम्ही मात्र पुढच्या भूमिकेआधी लेखी करार मागा, मानधनाच्या तारखेसकट.