दोन रात्रींची झोप

नाशिक, चैत्र

प्रिय मुक्ता,



ताईने तुझ्या इंडोनेशियाच्या टूरचा कागद पाठवला. सुराबायाला उतरायचं, ब्रोमो ज्वालामुखीवरचा सूर्योदय, इजेनच्या विवरातली निळी आग, मग फेरीने बाली. मे महिना निवडलास ते छान, तिकडे तेव्हा पाऊस ओसरलेला असतो. स्वतःच्या पगारातून जाते आहेस याचा मला अभिमान वाटतो, आणि जाऊ नकोस असं मी सांगणार नाही. पण तो कागद मी दोनदा वाचला. पैसे कुठे वाचवलेत ते त्यात लिहिलेलं नसतं, शोधावं लागतं.

पहिल्या रात्री तीनच्या सुमारास जीप निघणार. सूर्योदय झाला की दिवसभर बसचा प्रवास आणि दुसऱ्या रात्री बाराला पुन्हा उठून इजेनची चढण. म्हणजे लागोपाठ दोन रात्री झोप नाही. तुमची नाही तशी गाडी चालवणाऱ्याचीही नाही.

बारा वर्षांपूर्वी मी अशाच एका स्वस्त ग्रुपबरोबर रात्री नाशिकहून निघून कळसूबाईला गेलो होतो. आम्ही वर सूर्योदय बघत होतो तेव्हा चालकाने खाली गाडीत पाठ टेकायची, असं ठरलं होतं. पण सीटवर आमच्या बॅगा रचलेल्या, तो पोरगा स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसून राहिला. परतताना घोटीच्या अलीकडे त्याचा डोळा लागला. गाडी साइडपट्टीवरून खाली उतरली आणि बाभळीला घासत थांबली. कुणाला लागलं नाही. पण त्याचे हात कितीतरी वेळ थरथरत होते, ते मला अजून दिसतात. आम्ही वाचवलेले पैसे त्याच्या झोपेतून काढलेले होते, आणि आमच्यातल्या एकानेही निघताना ते विचारलं नव्हतं.

तू विचार. दुसरा चालक आहे का? ब्रोमोनंतर निदान एक रात्र मुक्काम वाढवता येईल का? त्याचे जादा पैसे पडले तर माझ्याकडून घे, संकोच करू नकोस.

इजेनचं वेगळं सांगतो. ती निळी आग म्हणजे जमिनीतून येणारा तापलेला गंधकाचा वायू हवेत पेट घेतो ती ज्वाळा. तोच वायू घशात आणि छातीत जातो. लहानपणी तुला श्वासाचा पंप लागायचा, म्हणून आधी डॉक्टरांना दाखव. वायूसाठीचा चांगला मास्क मिळणार का, तेही विचार. रुमालाने भागत नाही. वारा फिरला आणि धूर अंगावर आला तर विवरात उतरायचा हट्ट सोडून दे. तिथे माणसं गंधकाचे सत्तर-ऐंशी किलो दगड कावडीने विवरातून वर आणतात. वाट अरुंद आहे. कावड आली की बाजूला हो, आणि न विचारता त्यांचा फोटो काढू नकोस.

इंडोनेशियात प्रत्येक जागत्या ज्वालामुखीला एक ते चार असा इशाऱ्याचा स्तर देतात. निघण्याच्या आदल्या दिवशी तो बघ. ३ डिसेंबर २०२३ रोजी सुमात्रातला मरापी अचानक उसळला, वीसहून अधिक गिर्यारोहक गेले. तेव्हा स्तर दुसरा होता, आणि विवरापासून तीन किलोमीटर लांब राहा अशी सूचनाही होती. डोंगर बंद म्हटलं की बंद, मग पैसे बुडाले तरी चालतील.

आता मला खरं आवडतं ते. तू ज्वालामुखी बघायला इतक्या लांब निघालीस, पण आपण लाव्ह्यावरच राहतो. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याचाच हा आपला काळा कातळ. पांडवलेणी त्यातच कोरली आहेत. माझ्या टेबलावर दगडाचा एक तुकडा आहे, लहानपणी तू त्याच्या भोकांत बोट घालायचीस. ती भोकं म्हणजे थिजत्या लाव्ह्यात अडकलेल्या वायूचे बुडबुडे. पुढे पाण्यातून आलेल्या खनिजांनी असे बुडबुडे भरले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयातले चमचमते स्फटिक त्यातूनच आलेले.

या लाव्ह्याचे थर कळसूबाईवरून छान दिसतात. तिच्या माथ्यावर, १,६४६ मीटरवर, सगळे पूर्वेकडे तोंड करून उभे राहतात. सूर्य वर आला की टाळ्या पडतात आणि लोक उतरायला लागतात. तू तेव्हा पाठ फिरव. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग यांच्या कड्यांवर कोवळं ऊन आडवं पडतं आणि एकावर एक बसलेले थर पायऱ्यांसारखे मोजता येतात. दहा-पंधरा मिनिटंच. मग ऊन चढतं आणि कडा सपाट दिसायला लागतो. ब्रोमोसमोरच्या पेनांजाकन डोंगरावरही गर्दी हलली की थोडी थांब. तिथली राखेची घडण त्याच उजेडात उलगडते.

तू जाण्याआधी आपण दोघं एकदा कळसूबाई करू. पुढच्या शनिवारी दुपारीच बारीला पोचू, गावात पिठलं-भाकरी खाऊन नऊला झोपू आणि पहाटे तीनला चढायला लागू. शिड्यांचं लोखंड पहाटे फार गार असतं, हातमोजे आण. टॉर्च माझ्याकडे दोन आहेत. रविवारी लगेच निघायचं नाही, जेवून, दोन तास झोपून मगच गाडी काढायची.

पंप विसरू नकोस.

तुझा,
मामा