मदालसेचा उपदेश व अलर्काचे भाग्य

बालकाला पहिले शब्द आईकडून मिळतात आणि त्या शब्दांबरोबर जगाकडे पाहण्याची पहिली दृष्टीही तिच्याकडूनच मिळते. म्हणून वासनिक कुटुंबातील मातेने आपल्या लेकराला काय शिकवावे, केव्हा शिकवावे आणि तिच्या शिकवणीची धाव कोठपर्यंत आहे, हा प्रश्न परमार्गात गौण मानता येत नाही. या प्रश्नाचा विचार करण्यास मदालसेचे आख्यान फार उपयोगी आहे. ज्या अलर्क राजाचे तापत्रय श्रीदत्तात्रेयप्रभूंनी निवारले, तो या मदालसेचाच पुत्र होय.

कथाभाग

मार्कंडेय पुराणानुसार मदालसा ही विश्वावसू गंधर्वाची कन्या व ऋतध्वज राजाची राणी. या राजाला कुवलयाश्व असेही नाव होते. त्यांना पहिला पुत्र झाला, तेव्हा राजाने त्याचे नाव विक्रांत ठेवले. पुढे सुबाहू व शत्रुमर्दन असे आणखी दोन पुत्र झाले. प्रत्येक नामकरणाच्या वेळी मदालसा हसली. बालक रडू लागले की त्याला उगी करण्याच्या मिषाने ती बोध करी. देह पंचभूतांचा आहे, नाव मागाहून चिकटविलेले आहे, अन्नपाण्याने वाढतो तो देह आणि झिजतो तोही देहच. मग बाळा, तू कशासाठी रडतोस, असा त्या बोधाचा आशय होता. दुधाबरोबर हा विचार मुरल्यामुळे तिन्ही पुत्र वयात येताच विरक्त झाले. राज्याकडे त्यांनी पाहिलेही नाही.

चौथा पुत्र झाला, तेव्हा राजाने नाव ठेवण्याचे काम राणीवरच सोपविले. तिने नाव ठेवले अलर्क. या शब्दाचा एक अर्थ पिसाळलेला कुत्रा असा आहे. राजाने हसून कारण विचारले. राणीने उत्तर दिले की नाव हे केवळ व्यवहारासाठी असते. जो निराकार त्याला सुबाहू म्हणणे तरी कोठे सार्थ आहे? राजाला तिचे म्हणणे पटले. परंतु त्याचे मन व्याकूळ झाले होते. याही पुत्राला निवृत्तीकडे वळविले तर प्रजेचा सांभाळ कोण करणार, म्हणून याला प्रवृत्तिमार्ग शिकव, अशी त्याने विनवणी केली. मदालसेने ती मान्य केली आणि अलर्काला राजधर्म, गृहस्थाचे आचार व प्रजापालन शिकविले.

पुढे अलर्काला राज्य देऊन राजाराणी वनात निघाली. निघताना मातेने पुत्राच्या हाती एक अंगठी दिली. अंगठीत सूक्ष्म अक्षरांनी लिहिलेला एक लेख होता. इष्टवियोग झाला, शत्रूने गांजले किंवा वित्तनाश होऊन दुःख असह्य झाले, तरच तो काढून वाच, असे तिने बजावले.

अलर्क धर्माने राज्य करीत होता. पण भोगात गुंतून गेला. ज्या आईच्या दुधाबरोबर आपल्याला ज्ञान मिळाले, तिचाच हा पुत्र संसारात बुडत आहे, याचे सुबाहूला वाईट वाटले. त्याने काशिराजाचे साहाय्य घेऊन अलर्काच्या नगराला वेढा दिला. कोश रिता होत चालला, सैन्य क्षीण झाले, तेव्हा अलर्काला अंगठी आठवली. लेखाचा आशय असा होता की संग सर्वथा टाकावा; टाकता येत नसेल तर तो संतांशी करावा, कारण संतांचा संग हेच संगावरचे औषध आहे. इच्छाही टाकावी, टाकता येत नसेल तर ती मोक्षाकडे वळवावी. तो वाचून अलर्क श्रीदत्तात्रेयप्रभूंना शरण गेला. तेथून परत आल्यावर त्याने काशिराजाला राज्य खुशाल घ्यावे असे सांगितले. तेव्हा सुबाहूने आपला हेतू उघड केला. राज्य कोणालाच नको होते. अखेर अलर्काने पुत्राला राज्य देऊन वनाची वाट धरली.

निरूपण

या कथेत पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही की माता एक असून बोध दोन प्रकारचे आहेत. चौथ्या पुत्रावर मदालसेचे प्रेम कमी होते असे नाही. त्याच्यावर प्रजेचा भार पडणार होता, म्हणून तिने त्याला भार वाहण्याचा धर्म शिकविला. अधिकार पाहून निरूपण करावे, ही रीत परमार्गालाही मान्य आहे. अर्थात पुराणाच्या या भागात श्राद्धादी कर्मकांडाचा जो विस्तार आहे, तो परमार्गाला प्रमाण नाही. सत्य, संयम, गुरुजनांचा आदर व दुर्बळांचे रक्षण एवढा भाग मात्र कोणत्याही मातेने लेकराला शिकवावा असाच आहे.

दुसरी गोष्ट सिद्धांताची आहे. पाळण्यातील बोधात जीवाला स्वभावतःच शुद्ध व अलिप्त म्हटले आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी निरूपण केलेल्या ब्रह्मविद्येत परमेश्वर नित्यमुक्त, देवता नित्यबद्ध आणि जीव बद्धमुक्त आहे. जीवाला अनादी अविद्येचे बंधन आहे आणि ते तोडणारा परमेश्वरावाचून दुसरा नाही. म्हणून त्या बोधातून देह व जीव यांचा भेद तेवढा घ्यावा. तू शुद्धच आहेस असे कानी पडल्याने वैराग्य येऊ शकेल. अविद्या तुटणार नाही. आई कितीही ज्ञानी असली तरी ती पुत्राची मोचक होऊ शकत नाही.

तिसरी गोष्ट अंगठीची. कथेचे मर्म येथेच आहे. विरक्त झालेले तीन पुत्र मातेचे यश आणि संसारात गुंतलेला चौथा तिचे अपयश, असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. परंतु श्रीदत्तात्रेयप्रभूंचे सन्निधान घडल्याचे आख्यान सांगते ते या चौथ्याचेच. आपल्या पश्चात पुत्रावर दुःख येणार, आपण शिकविलेला राजधर्म त्या वेळी पुरा पडणार नाही, हे मदालसेने आधीच जाणले होते. म्हणून तिने शेवटच्या लेखात आपल्याकडे परत ये असे लिहिले नाही. आपली आठवण काढ असेही लिहिले नाही. संतांकडे जा, एवढेच लिहिले. आपल्या मर्यादेची जाण ठेवून लेकराला आपल्या पलीकडे पाठविणे, हा तिच्या सर्व उपदेशांतील थोर उपदेश होय.

चौथी गोष्ट वाणीची. मदालसेने पाळण्याजवळ बसून, लेकराला उगी करता करता बोध केला. धर्म ज्याला द्यावयाचा त्याच्या भाषेतच तो द्यावा लागतो. श्रीचक्रधर स्वामींनी मराठीतच निरूपण केले आणि श्रीनागदेवाचार्यांनी संस्कृताचा आग्रह बाजूला सारून म्हाताऱ्याकोताऱ्या स्त्रिया ज्ञानाला वंचित होऊ नयेत याची चिंता वाहिली. त्या चिंतेमुळेच ब्रह्मविद्या घरातील मातेच्या तोंडी राहिली आणि तिच्या तोंडून लेकराच्या कानी जाऊ शकली.

बोध

वासनिक घरातील पुष्कळ माता आज एका दुःखाने कष्टी दिसतात. लेकराला लहानपणी नामस्मरण शिकविले, विशेषांना नमस्कार करण्याचे वळण लावले, मुक्या जीवाला मारू नये हे सांगितले. पुढे ते शिक्षणासाठी शहरात गेले, नोकरीत व संसारात गुंतले आणि सारे विसरले. आपले कष्ट वाया गेले, असे त्या म्हणतात. त्यांनी अलर्काची कथा मनात आणावी. अंगठी बोटात असूनही त्याला ती दीर्घकाळ आठवली नव्हती. आठवली ती वेढा पडल्यावर. पण बालपणापासून आईच्या शब्दावर विश्वास नसता, तर त्या वेळी त्याने अंगठी उघडलीच नसती.

म्हणून मातेने तीन गोष्टी कराव्यात. लेकराचा अधिकार व वय पाहून त्याला समजेल त्या शब्दांत आचार शिकवावा. स्वतः तो आचार पाळावा, म्हणजे तिच्या शब्दाला वजन राहील. आणि दुःखाच्या वेळी कोठे जावे, कोणाला शरण जावे, हे एकदा स्पष्ट सांगून ठेवावे. लेकरू विसरले म्हणून त्याच्यावर रागावू नये आणि आपण सांगितले म्हणून ते तरले असा अभिमानही धरू नये. वाट दाखविणे मातेचे, चालणे लेकराचे आणि तारणे परमेश्वराचे.

दंडवत प्रणाम.