पाणी मारा, पण आधी बोर्ड बघा

फरशीची कामं घ्यायला लागल्यापासून एक वाद मी जवळजवळ प्रत्येक साइटवर ऐकत आलो आहे. मिस्त्री म्हणतो, "कोरडंच कापू, पाण्याने नुसता राडा होतो." घरमालक म्हणतो, "पाणी मारा हो, घरभर धूळ झाली." कापणाऱ्याच्या छातीचं काय होतं, हे दोघांच्याही बोलण्यात येत नाही.

माझं म्हणणं ठाम आहे : दगड पाणी मारूनच कापायचा. पूर्वी ओटे कडप्प्याचे आणि जमिनी शहाबादीच्या असत. हे चुनखडीचे दगड, त्यांत सिलिका त्या मानाने कमी. आता ग्रॅनाइट, व्हिट्रिफाइड टाइल्स आणि कारखान्यात बनवलेलं क्वार्ट्झ आलं आहे. ग्रॅनाइटमध्ये सिलिका भरपूर आणि या क्वार्ट्झमध्ये तर बहुतेकदा नव्वद टक्क्यांच्या आसपास. तिची बारीक धूळ डोळ्यांना दिसत नाही, नाकावर बांधलेल्या रुमालाने अडत नाही आणि फुप्फुसात गेली की तिथेच राहते. तिच्यामुळे होणाऱ्या सिलिकोसिसवर बरं करणारं औषध नाही. कारखान्यात बनवलेल्या या दगडाच्या वापरावर ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून बंदी घातली, ती याच आजारामुळे.

म्हणजे पाणी हवंच. पण पाणी आलं की विजेची गाठ पडते, आणि आपल्याकडे माणसं तिथेच मार खातात.

पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये माझं बाथरूमच्या टाइल्सचं काम चालू होतं. ओट्याचं काम घरमालकाने दुसऱ्या टोळीला दिलं होतं. बाल्कनीत ग्रॅनाइटचा पट्टा दोन विटांवर टेकवलेला. मिस्त्री उकिडवा बसून कटर चालवत होता आणि हेल्पर पोरगा झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीतून ब्लेडवर पाणी सोडत होता. वायरच्या मध्ये टेप गुंडाळलेला जोड होता, तो राखाडी लगद्यात लोळत होता. टोकाला प्लग नव्हताच, दोन उघड्या तारा काड्या खोचून सॉकेटमध्ये अडकवलेल्या. पोरगा बाटली भरून अनवाणी परत आला आणि त्याचा पाय नेमका त्या जोडावर पडला.

तो ओरडलासुद्धा नाही. जागेवर ताठ झाला, बाटली हातातून सुटली. मिस्त्रीने कटर टाकून त्याला धरायला हात पुढे केला. मी ओरडलो, "हात लावू नका!" आणि हॉलमधला मेन स्विच पाडला. तोवर कटर जमिनीवर गरगरत वायरीला ओढत होता, कारण त्याचं बटण लॉक करून ठेवलेलं होतं. पोरगा वाचला. तळपाय भाजला होता. दवाखान्यात ईसीजी काढून त्याला रात्रभर देखरेखीखाली ठेवलं.

संध्याकाळी मिस्त्रीने मला विचारलं, "बोर्डात एमसीबी होता की हो, मग तो पडला का नाही?"

हा गैरसमज घरोघरी आहे. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. 16 अँपिअरचा एमसीबी 16 अँपिअरच्या वर भार गेल्याशिवाय पडत नाही. माणसाचा जीव घ्यायला त्याच्यापेक्षा कितीतरी कमी करंट पुरतो. माणसासाठी असतो तो आरसीसीबी, आणि तोही 30 मिलिअँपिअरचा. दुकानदार गल्ला जुळवतो तसा तो गेलेला आणि परत आलेला करंट सतत जुळवत असतो. फरक दिसला, म्हणजे करंट कुणाच्या तरी अंगातून जमिनीत चालला, की क्षणात वीज तोडतो. त्याच्यावरचं टेस्टचं बटण दाबून बघा. खटका पडला नाही तर तो निकामी समजा.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. प्लग तुटलेला असेल तर आधी नवा लावा. वायर अखंड हवी. जोड असेल तर ती वायरच बदला. एक्स्टेंशन बोर्ड ओल्या जमिनीवर नको, उंच ठेवा. टेबलाच्या मशीनची वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन सोडा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली पडेल. पायांत रबरी बूट हवेतच. बाटलीने ओतलेलं पाणी मोटरच्या झरोक्यांतून आत जाऊ शकतं. म्हणून कंपनीनेच पाण्याची नळी दिलेला कटर घ्या. साध्या ग्राइंडरवर पाणी ओतू नका.

हातातल्या चार इंची कटरचं ब्लेड मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतं. म्हणजे त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे अडीचशे किलोमीटर. म्हणून गार्ड काढायचा नाही आणि बटण लॉक करायचं नाही. टाइल्सला सलग कडेचं ब्लेड लावा आणि त्यावरचा बाण फिरण्याच्या दिशेने आहे ना, ते पाहा. याच कटरला लाकडाचं दातेरी ब्लेड लावून सुतारकाम करणारे पुष्कळ आहेत. ते दाते लाकडात अडकले की मशीन उसळून अंगावर येतं. कापताना रेघ सरळ ठेवा, ब्लेड चालू असताना वळवू नका. दगडाला कापाच्या दोन्ही बाजूंना आधार द्या, नाहीतर शेवटी तुकडा खचतो आणि ब्लेड चिमटीत सापडतं. गळ्यातला गमछा आणि ढगळ बाह्या आधी आवरा. सैल कापडी हातमोजेही नकोत, ब्लेड त्यांना आत ओढतं. गॉगल आणि एन 95 मास्क पाणी मारतानाही लावायचा. ब्लेड बदलताना प्लग काढलेला हवा.

काम झाल्यावर लगदा ओला असतानाच पुसून गोळा करा. तो वाळला की पुन्हा तीच धूळ होते, आणि मोरीत ओतला तर पाइप तुंबतो.

कुणाला शॉक बसलाच तर आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर सुक्या लाकडाने वायर दूर सारा. माणूस श्वास घेत नसेल तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला 108 लावायला सांगा. उठून बसला, बोलायला लागला, तरी दवाखान्यात न्याच.

घरमालकांना एक विनंती. मिस्त्री कामावर येतो तेव्हा आपण ग्रॅनाइटचा रंग आणि पॉलिश बारकाईने बघतो. त्याआधी त्याच्या कटरची वायर बघा आणि आपल्या बोर्डात आरसीसीबी आहे का, ते बघा. नसेल तर इलेक्ट्रिशियन बोलवून बसवून घ्या. ओट्याच्या खर्चापुढे तो खर्च किरकोळ आहे. तो बसेपर्यंत कटर चालू करू देऊ नका. काम एक दिवस थांबलं तरी चालेल.