पान लागलं की आधी घड्याळ बघा

नीरा डाव्या कालव्यावर, बारामती-इंदापूरच्या शिवेलगत माझा दवाखाना आहे. चहूकडे ऊस. उसात उंदीर, उंदरांमागे घोणस आणि नाग. आमच्याकडे 'साप चावला' म्हणत नाहीत, 'पान लागलं' म्हणतात. अशा रुग्णांनी मला शिकवलेलं सांगतो.

१. लस सापाला नव्हे, विषाला धरते.
सर्पविषावरची लस बनवणाऱ्या हाफकिन संस्थेचे घोडे पिंपरीला आहेत. घोड्याला विषाची अगदी थोडी मात्रा वाढवत टोचतात. त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. प्रतिपिंडाचा आकार बेचक्यासारखा. मूठ बहुतेकांची सारखी. फरक दोन्ही फाट्यांच्या टोकांत. या टोकांना बदलता भाग म्हणतात. प्रत्येक टोकाला सहा लहान वळणं असतात, त्यांच्यामधल्या खोबणीत विषाचा कण बसतो. कारखान्यात पेप्सिनने मूठ कापून टाकतात आणि पकडणारे फाटे ठेवतात. तरीही घोड्याचं प्रथिन अंगावर उठू शकतं, म्हणून अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी भरून ठेवल्याशिवाय मी लस सुरू करत नाही.

२. खोबण जुळली तरच पकड.
आपली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनते. सह्याद्रीतल्या चापड्याचं विष त्यात धरलेलं नाही. साप मारून आणण्यात वेळ घालवू नका. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर लक्षणांवरून आम्ही ओळखतो.

३. मोकळं विष सापडतं, चिकटलेलं सुटत नाही.
एका पहाटे ऊसतोडीच्या कोपीतून पोरगा आला. पोटात दुखत होतं, अंगावर खूण नव्हती. मी पोटदुखीचं औषध दिलं. दोन तासांत त्याच्या पापण्या मिटू लागल्या. जमिनीवर झोपला असताना मण्यार डसली होती. लस दिली, पण विष मज्जातंतूंच्या टोकांना आधीच जाऊन बसलं होतं. पाच दिवस व्हेंटिलेटरवर राहून पोरगा वाचला. माझे ते दोन तास मी विसरलेलो नाही. आता जमिनीवर झोपणाऱ्याचं पहाटे पोट दुखलं, की मी आधी त्याच्या पापण्या बघतो.

४. लेकराला मात्रा कमी नको.
सापानं विष वजन बघून सोडलेलं नसतं. जितकं विष, तितके फाटे लागणार. सुरुवातीला साधारण दहा कुप्या. मोठ्याला जितक्या, तितक्याच लहानाला.

५. काचेची कोरडी नळी जपा.
घोणशीचं विष रक्त गोठू देत नाही. दोन मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवायचं. मग नळी तिरकी करायची. रक्त पातळच वाहिलं तर लस हवी. विष धरलं गेलं तरी गोठवणारे घटक यकृताला नव्यानं बनवावे लागतात, म्हणून पुढची तपासणी सहा तासांनी.

६. दोरी, ब्लेड, मांत्रिक यांत लस नाही.
करकचून बांधू नका, कापू नका. पाय हलवू न देता गाडीत घाला आणि दवाखान्याला निघतानाच फोन करा. रात्रीच्या लाइटीवर पाण्याची दारं धरायला जाताना बूट आणि बॅटरी घ्या. कोपीत झोपताना मच्छरदाणी चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचा.

पान कधी लागलं, ती वेळ तेवढी लक्षात ठेवून या. दवाखान्यात पाऊल टाकताच मी पहिलं तेच विचारणार आहे.