सशाने ताल धरला होता का?



चौथीला परिसर अभ्यास शिकवताना 'निरीक्षण करा' असं आपण दर दोन-चार पानांनी सांगतो. मुलं वहीत काहीतरी लिहून आणतात, आपण लाल पेनाने बरोबरची खूण करतो आणि पुढच्या वहीकडे वळतो. जे लिहिलंय ते मुलाला डोळ्यांनी दिसलं की त्याच्या मनात आलं, हे तपासायला वेळ कुठे असतो? मीही तपासत नव्हते. यंदा एका सशामुळे तपासायला लागले, आणि पहिली चूक माझीच निघाली.

माझ्या वर्गातली एक मुलगी नेरुळला राहते. कुटुंब मूळ वसईकडचं. तिचे आजोबा चर्चमध्ये वाजवायचे. त्यांचा जुना उभा पियानो वसईहून टेम्पोत घालून इथे आणला आणि दुसऱ्या मजल्यावर चढवला. तो चढवायला किती माणसं लागली, हे तिचे बाबा अजून रंगवून सांगतात. आपल्याकडच्या घरांत पेटी असते, हल्ली कीबोर्ड असतो, पण खरा पियानो फार क्वचित दिसतो. त्यात या घरात दोन ससे आहेत, बर्फी आणि रेवडी. दोघी माद्या. पिंजऱ्यात फक्त रात्री, दिवसभर हॉलमध्ये मोकळ्या.

या दोघींचे पियानोभोवतीचे उद्योग वर्गाला रोज ऐकायला मिळायचे. बर्फी स्टुलावर उडी मारते, तिथून थेट पट्ट्यांवर, आणि स्वतःच केलेल्या आवाजाला घाबरून घसरत खाली येते. परत दोन दिवसांनी तेच. रेवडी पियानोच्या प्रत्येक पायाला हनुवटी घासत फिरते. (सशाच्या हनुवटीखाली गंधग्रंथी असतात. 'हे माझं आहे' अशी खूण ती करून ठेवत असते. आपल्याला तो वास येत नाही.) खालच्या पेडलजवळची लाकडी कड दोघींनी मिळून कुरतडली आहे. आणि सगळ्यात आवडती जागा म्हणजे पियानो आणि भिंत यांमधली वीतभर फट. तिथे दोघी तासन्‌तास बसतात.

एके दिवशी तिने आईच्या फोनवरून मला व्हिडिओ पाठवला. ती पियानोवर एक सोपी धून वाजवते आहे आणि मागच्या फटीत रेवडी मागचा पाय फरशीवर आपटते आहे. धप. मग थोड्या वेळाने पुन्हा धप. खाली लिहिलं होतं, "बाई, रेवडी ताल धरते!"

मला तो व्हिडिओ इतका आवडला की दुसऱ्या दिवशी वर्गात दाखवला. "बघा, प्राण्यांनाही संगीत आवडतं," असंही वर म्हटलं. पालकांच्या ग्रुपवर टाकला. साठ-सत्तर अंगठे आले.

पुढचं मला नंतर कळलं. व्हिडिओ त्यांच्या सोसायटीत फिरला. संध्याकाळी पोरं जमायला लागली. कुणीतरी पियानो बडवायचं, बाकीचे फटीत मोबाइल धरायचे आणि रेवडीने पाय आपटला की टाळ्या. आठवडाभर हे चाललं. मग एका सकाळी ती मुलगी शाळेत आली ती रडवेली. रेवडीने रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं, लेंड्याही टाकल्या नव्हत्या. नुसती अंग आखडून बसली होती.

आई-बाबा तिला लगेच प्राण्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, म्हणून वाचली. सशाचं पोट सतत चालू राहावं लागतं. भीती, दुखणं किंवा चाऱ्यातला बदल यांनी ते मंदावलं तर आत वायू धरतो. सशाला उलटीही होत नाही, म्हणजे त्या वाटेनेही सुटका नाही. पालकहो, घरी ससा असेल तर एवढं लक्षात ठेवाच : दहा-बारा तास खाणं आणि लेंड्या बंद, तर उद्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं आणि पाय आपटण्याचा अर्थ सांगितला. सशाचा तो धोक्याचा इशारा असतो. रानात ससा जमिनीवर मागचा पाय जोरात आपटतो आणि बिळातल्या बाकीच्यांना कळतं की काहीतरी आलंय. रेवडी ताल धरत नव्हती, बर्फीला 'सावध हो' म्हणत होती. आणि त्यांनी नेमकी पियानोमागची फट धरली होती, कारण ती बिळासारखी अंधारी नि अरुंद होती. उभ्या पियानोची पाठ म्हणजे त्याचा ध्वनिफलक. तारांचा आवाज जिथून मोठा होऊन बाहेर पडतो, तो हा लाकडी पडदा. आपण पुढे बसून वाजवतो आणि मागे बिळात बसलेल्या जिवाच्या अंगावर तो आवाज जातो.

मी वर्गात सरळ सांगितलं, "मुलांनो, मी चुकले. मला दिसलं एवढंच होतं की पाय आपटला. संगीत आवडलं, हे मी मनाचं जोडलं." वर्ग चिडीचूप. मग एक मुलगा म्हणाला, "बाई, तुम्हीपण?" मी म्हटलं, "हो, मीपण."

त्या दिवशी फळ्यावर तीन रकाने आखले. काय दिसलं किंवा ऐकू आलं. मला काय वाटलं. आणखी काय असू शकेल. तुम्ही वर्गात करून पाहणार असाल तर तिसऱ्या रकान्याला सगळ्यात जास्त वेळ द्या, मुलं तिथेच अडतात. पहिल्या रकान्यात 'घाबरला', 'खूश झाला', 'रागावला' हे शब्द चालणार नाहीत, एवढा एकच नियम ठेवला. पहिल्या दिवशी चाळीसपैकी जेमतेम सहा-सात वह्यांत तो पाळला गेला होता. एकाने लिहिलं होतं, "कावळा आमच्यावर रागावून बघत होता." आता कावळ्याचा राग पहिल्या रकान्यातून बाहेर कसा काढायचा, यावर अर्धा तास गेला. तो तास मला वाया गेल्यासारखा अजिबात वाटला नाही.

रेवडी बरी झाल्यावर त्या मुलीने स्वतःहून पंधरा दिवस नोंद ठेवली. पियानोला त्या काळात कुणी हात लावायचा नाही, असं घरातच ठरलं होतं. तिच्या वहीतल्या नोंदी थोडक्यात अशा : पियानो बंद असतानाही दोघी रोज फटीत जाऊन बसतात. कुकरची शिट्टी झाली, पाय आपटला. मिक्सर लावला, आपटला. खालच्या मजल्यावर ड्रिल चालू झालं, दोनदा आपटला. शेवटी तिने लिहिलं होतं, "बाई, ती कुकरलापण ताल धरते." वाचून मी हसले, आणि मग जरा वेळ तशीच बसले. नऊ वर्षांच्या मुलीने प्रयोग पुरा केला होता.

तिथून ध्वनीचा पाठ आपोआप सुरू झाला. पुस्तकात वेळ यायची होती, पण मुलं थांबायला तयार नव्हती. शाळेतली पेटी वर्गात आणली. भाता हलवला की हवा पितळी सुरपट्ट्यांवरून जाते, त्या थरथरतात आणि सूर निघतो. पियानोत पट्टी दाबली की लोकरीच्या नमद्याची गादी लावलेली लाकडी हातोडी तारेवर आपटते. वाद्यं वेगळी, पण दोन्हींत थरथर आहेच. ती दिसावी म्हणून वाटीवर फुगा ताणून बसवला, वर मोहरी टाकली आणि जवळ तोंड नेऊन मोठ्यांदा 'ओ' म्हणायला सांगितलं. मोहरी नाचते. बिनखर्ची आहे, जरूर करा. फक्त नंतर वर्ग झाडायची तयारी ठेवा.

थोडे आकडेही दिले. पियानोच्या ८८ पट्ट्या. सगळ्यात खालचा सूर सेकंदाला सुमारे २७ कंपनांचा, सगळ्यात वरचा ४ हजारांच्या थोडा पुढे. माणसाला साधारण २० ते २० हजार कंपनांपर्यंत ऐकू येतं. ससा मात्र ४० हजारांच्या आसपासचंही ऐकतो. आपल्या कानावर न पडणारे कितीतरी बारीक आवाज त्याच्या घरात असतात.

एक गोष्ट मलाही हे सगळं शोधताना नीट कळली. आपण मराठीत दोन वेगळ्या प्राण्यांना 'ससा' म्हणतो. कोकणात, घाटावर शेताच्या बांधावरून उड्या मारत जातो तो रानससा. तो बीळ खणत नाही, त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन, डोळे उघडे ठेवून जन्मतात. घरात पाळतात तो मूळचा युरोपातला, बिळात राहणारा. त्याची पिल्लं उघडीवाघडी नि डोळे मिटलेली असतात. म्हणूनच याला फट, खोका, पलंगाखालची जागा लागते. रानससा पकडून पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. गावाहून कुणी पिल्लू उचलून आणत असेल तर मुलांसमोरच 'नाही' म्हणा.

ससा घ्यायचा हट्ट तुमच्याकडेही चालू असेल, म्हणून एवढं सांगते. घरातला ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षं जगतो. म्हणजे चौथीत घेतलेला ससा मुलगी कॉलेजात जाईपर्यंत घरात असणार. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात, तो कुरतडणारच. त्याला मुख्यतः सुकं गवत लागतं, गाजर म्हणजे खाऊ, तोही लहान तुकडा. कीबोर्डची वायर पाइपमध्ये घाला. या घरात पावसाळ्यात पियानोचं लाकूड ओलसर होऊ नये म्हणून आत खाली एक छोटा बल्ब लावून ठेवतात. त्याची वायर बर्फीने अर्धी कुरतडली होती. नशीब, बटण बंद होतं. आणि आपल्याकडचा एप्रिल-मेचा उकाडा सशाला सोसत नाही, माणसासारखा घाम येऊन त्याचं अंग गार होत नाही. दुपारी गॅलरीत पिंजरा ठेवून कामाला जाऊ नका. दुकानदार 'दोन्ही माद्या आहेत' म्हणाला तरी डॉक्टरांना दाखवून खात्री करा, कारण महिन्याभरात पिल्लं होतात.

आता त्या घरी फटीच्या जागी पुठ्ठ्याचा मोठा खोका आलाय, पियानोपासून लांब, दाराच्या बाजूला. दोघींनी चार दिवस नाराजी दाखवली. (हा शब्द माझा, पहिल्या रकान्यात बसणार नाही.) मग खोक्यात जाऊ लागल्या. पियानो परत उघडलाय, पण पाहुण्यांसाठी नाही. संध्याकाळी आजी हळू आवाजात वाजवते.

गेल्या आठवड्यातली नोंद अशी आहे. काय दिसलं : आजी वाजवत होती, रेवडी स्टुलाजवळ पाय लांब पसरून आडवी पडली होती, कान मागे, पाय आपटला नाही. मला काय वाटलं : आवडलं. आणखी काय असू शकेल : फरशी गार आहे, सवय झाली असेल, आजीजवळ बरं वाटत असेल.

खाली तिने विचारलंय, "बाई, आजीने न वाजवता नुसतं स्टुलावर बसून बघितलं तर?" सोमवारपासून आजी तशी बसणार आहे.