सारंगातला गंधार

मुक्काम येलहंका, बंगळूर

चिरंजीव भाच्यास,

तू रवाना केलेले स्वरलेखन पोचले. गेले चार दिवस तलावाकडच्या खिडकीशी बसून मी त्यातील एकेक वाद्याची ओळ व्हायोलिनवर सावकाश वाजवून पाहिली. हवाई दलाच्या तळावरून विमान उठले की थांबावे, आकाश निवळले की पुन्हा आरंभ करावा, असा क्रम चालला होता. वृंदावनी सारंगाचे चलन तुला उत्तम साधले आहे. परंतु तिसऱ्या पानावर, जेथे पहिले व्हायोलिन रिषभावरून षड्जावर येऊन विसावते, तेथे तू चेलोकडे षड्ज, व्हायोलाकडे पंचम आणि दुसऱ्या व्हायोलिनकडे गंधार सोपविला आहेस. पाश्चात्त्य स्वरसंवादाच्या कायद्याने तो गंधार निर्दोष आहे. सारंगात तो वर्ज्य आहे, आणि तो वाजताक्षणी मध्यान्हीचा तो राग अंतर्धान पावतो.

या निमित्ताने अँथनी गोन्साल्विस यांचे चरित्र तू मनापासून अभ्यासावेस, असे सुचवितो. १९२७ साली गोव्यातील माजोर्डा गावी, चर्चच्या गायकवृंदाला शिकविणाऱ्या पित्याच्या घरी जन्मलेला हा पुरुष मुंबईस आला, नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागला, प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांच्यासारख्यांना त्याने विद्या दिली. आणि चरितार्थ चित्रपटसंगीतावर चालत असता १९५८ साली स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारून, लता मंगेशकर व मन्ना डे यांच्या कंठांना त्यात स्थान देऊन, रागसंगीत वाद्यवृंदासाठी लिहिण्याचे साहस त्याने केले. सारंग रागातील एक कॉन्चेर्टो आणि तोडी थाटातील व्हायोलिनचा एक कॉन्चेर्टो ही त्याच्या कृतींची नावे वाचलीस, तरी त्याने कोणता पेच पत्करला होता हे तुझ्या ध्यानी येईल. पुढे १९६५ साली तो अमेरिकेस गेला, परतून गोव्यात राहिला आणि २०१२ साली तेथेच निवर्तला. शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातील गीतात त्याचे नाव गुंफून गुरुऋण स्मरले. पण ते नाव घेणाऱ्या लक्षावधी लोकांना असा मनुष्य खरोखर होता, याची वार्ताही नव्हती.

माझे सांगणे एवढेच आहे. मैफलीतला गवई चुकला, तर पुढल्या आवर्तनात तो आपली चूक सावरून घेतो. वृंदातल्या वादकाला ती मुखत्यारी नसते, तो कागदाबरहुकूम वाजवितो, आणि म्हणून रचनाकाराची चूक ही वीस हातांना दिलेला हुकूम ठरते. तू उद्या वृंदासमोर उभा राहशील, तेव्हा दुसऱ्या व्हायोलिनवरचा मनुष्य तुझ्यावर विसंबून तो गंधार निःशंकपणे वाजवील. यासाठी प्रत्येक ओळ स्वतः गाऊन पाहा, आणि स्वतःस विचार की शेजारच्या खोलीत ही एकटीच ओळ ऐकणाऱ्यास सारंग ओळखू येईल काय. सहा महिने केवळ दोन वाद्यांसाठी लिहिण्याची तालीम कर; चार वाद्यांची उतावीळ धरू नकोस.

तिसरे पान सोबत परत पाठवीत आहे. गंधाराभोवती पेन्सिलीने वर्तुळ केले आहे, पण तेथे दुसरा स्वर मी लिहिलेला नाही. रिषभ ठेवून पाहा, मध्यम ठेवून पाहा, नाहीतर त्या वादकास तेवढ्यापुरता विराम देऊन पाहा. तुझ्या कानाची खात्री पटल्यावाचून उत्तर धाडू नकोस. मी वाट पाहीन.

तुझा,
मामा